निनावी सर्किट बोर्ड आणि ग्वाल्हेरच्या लष्करमधील एक दुरुस्तीचे दुकान

मामांच्या पश्चात त्यांच्या मॉडेल रेल्वेच्या सामानातून एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. त्यात अकरा सर्किट बोर्ड होते आणि एकावरही नाव नव्हते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरील चांदीची गाडी, जिच्यावरची सुरई उचलताच ती जागीच थांबते, लहानपणी पाहिल्यापासून मामांना हा छंद जडला होता. मात्र कोणता बोर्ड कशासाठी आहे, याची नोंद त्यांनी कुठेही केली नाही. आधी ज्या दुकानात मी गेलो, तिथे विचार न करता एका बोर्डाला थेट 12 व्होल्टचा पुरवठा जोडला गेला आणि तो क्षणात जळाला. उरलेले दहा घेऊन मी ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातील नया बाजाराजवळच्या एका गल्लीतील लहानशा दुकानात गेलो.

दुकानदार काका मराठीच आहेत. त्यांची पहिली अट अशी, की बोर्ड कशाचा आहे हे कळेपर्यंत त्याला वीज द्यायची नाही. ते बोर्ड ब्रशने स्वच्छ करतात, दिव्याखाली तिरका धरून भिंगाने आयसीवरचे, म्हणजे चिपवरचे, क्रमांक वाचतात आणि मग मल्टीमीटरने तांब्याची एकेक पट्टी कुठे जाते ते कागदावर काढतात. दोन बोर्डांवर यूएलएन 2803 ही अठरा पायांची, आठ आउटपुटची आयसी निघाली. ते स्थानकावरचे दिवे चालवणारे होते. एकावर 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. रुळांचे सांधे बदलणाऱ्या कॉइलला सतत वीज मिळाली तर ती जळते, म्हणून हा कपॅसिटर साठवलेली वीज एकाच झटक्यात देतो आणि बटण दाबलेले राहिले तरी कॉइल सुरक्षित राहते. रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असलेला बोर्ड ओळखणे सर्वांत कठीण गेले. गाडी वळसा घालून त्याच रुळावर परत येते तेव्हा दोन्ही रुळांची ध्रुवता, म्हणजे धन-ऋण बाजू, उलटी भिडते आणि शॉर्ट होतो. तो शॉर्ट जाणवताच वळशाच्या रुळांची ध्रुवता पालटण्याचे काम हा रिले करतो.

डिकोडर, म्हणजे इंजिनात बसून रुळांतून आलेल्या आज्ञा वाचणारा बोर्ड, याच्या बाबतीत काकांचे कसब विशेष दिसले. डीसीसी या रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीत लाल व काळी वायर रुळांकडे, नारिंगी व करडी मोटारीकडे, पांढरी पुढच्या दिव्याकडे आणि पिवळी मागच्या दिव्याकडे जाते, तर निळी ही समाईक धन वायर असते. मामांनी मात्र सगळ्या काळ्याच वायरी झाळल्या होत्या. ज्या दोन वायरी रुळांतली वीज एका दिशेची करणाऱ्या चार डायोडच्या पुलापर्यंत पोचतात त्याच रुळांच्या, हे काकांनी आधी शोधले, त्यावरून मोटारीच्या दोन वायरी ओळखल्या आणि त्यांच्यामध्ये 100 ओहमचा रेझिस्टर जोडला; कारण प्रोग्रॅमिंग रुळावर, म्हणजे डिकोडरमधल्या नोंदी वाचण्या-बदलण्यासाठीच्या रुळावर, डिकोडर मोटारीतून प्रवाहाचा छोटा ठोका देऊन उत्तर देतो आणि भार नसेल तर ते उत्तर येतच नाही. मी नेलेल्या कंट्रोलरवर सीव्ही 8, म्हणजे डिकोडरमधली उत्पादकाच्या क्रमांकाची नोंद, वाचताच 151 हा आकडा आला, म्हणजे डिकोडर ईएसयू कंपनीचा. त्या आकड्याने मला मामांची फार आठवण झाली.

तक्रारीच्या दोन गोष्टी आहेत. कामाला नऊ दिवस लागले, आणि ओळखलेले बोर्ड आधी एकाच पिशवीत, चिठ्ठीविना परत मिळाले. मी आग्रह धरला तेव्हा काकांनी प्रत्येकावर नाव लिहिलेली पट्टी चिकटवून दिली. ज्या दोन बोर्डांच्या आयसीवरचे क्रमांक घासून काढलेले होते, ते ओळखता येत नाहीत असे त्यांनी सरळ सांगितले आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. बाकी आठांचे नऊशे रुपये झाले, ते मला रास्त वाटतात.

दुकानात डीसीसी कंट्रोलर नाही, त्यामुळे तो आपलाच न्यावा लागतो. बोर्डांना जोडलेल्या जुन्या वायरी मात्र घरी तोडू नयेत, कारण कुठली वायर कुठे झाळलेली होती यावरूनच काकांचा अर्धा शोध पुढे सरकतो.