पोराच्या खांद्याला झेपेल असा बार: ठासणीच्या बंदुकीत कुठली गोळी, किती दारू?

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हरणाच्या शिकारीला न्यायचं ठरवलं असेल, तर बंदुकीच्या मॉडेलवर डोकं खाजवण्याआधी नळीत काय ठासणार ते ठरवा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायोसारख्या राज्यांत ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या) बंदुकीचा वेगळा सीझन असतो, गर्दी कमी असते आणि एकच बार असल्यामुळे मूल घाई करत नाही. आपली मराठी मुलं शाळेतल्या मित्रांचं ऐकून हट्ट धरतात आणि आईबाप दुकानात जातात. तिथे काउंटरवरचा माणूस सवयीने पन्नास-पन्नास ग्रेनचे (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) दोन पेलेट, म्हणजे दारूच्या दाबून केलेल्या वड्या, आणि २५० ग्रेनची गोळी पुढे करतो. मोठ्या माणसाला हे ठीक आहे. मुलाला नाही.

बंदुकीचा धक्का तीन गोष्टींवर ठरतो: गोळीचं वजन आणि वेग, दारूचं वजन आणि बंदुकीचं वजन. आधुनिक रायफलवाले यातली मधली गोष्ट सहसा विसरतात, कारण त्यांना काडतूस तयारच मिळतं. ठासणीच्या बंदुकीत १०० ग्रेन दारू म्हणजे गोळीच्या वजनाच्या चाळीस टक्के, आणि तीही नळीच्या तोंडातून जोराने बाहेर पडते. म्हणून धक्का कमी करायचा तर आधी दारूला हात घालावा, गोळीला नंतर.

आठ पाउंडांची, ५० कॅलिबरची (नळीचा व्यास अर्धा इंच) बंदूक धरून केलेला हिशेब खाली आहे. आकडे ढोबळ आहेत, नळीची लांबी आणि दारूच्या जातीप्रमाणे थोडे हलतील.

| नळीत काय | दारू (ग्रेन, मापाने) | धक्का (फूट-पाउंड) |
|---|---|---|
| चिंधीतला शिशाचा गोळा, १७७ ग्रेन | ७० | ७ |
| सॅबोतली (प्लास्टिकच्या वाटीतली) गोळी, २०० ग्रेन | ७० | ७ ते ८ |
| सॅबोतली गोळी, २४० ग्रेन | ७० | ९ |
| सॅबोतली गोळी, २५० ग्रेन | १०० | १५ |
| शिशाची जड कॉनिकल (निमुळती लांब गोळी), ३७० ग्रेन | ८० | १५ |
| सॅबोतली गोळी, २५० ग्रेन | १५० | २५ |

अंदाज यावा म्हणून सांगतो, तेवढ्याच वजनाच्या २४३ विंचेस्टर रायफलचा धक्का नऊच्या आसपास असतो, आणि थर्टी-ओ-सिक्सचा वीसच्या. म्हणजे तीन पेलेटचा (१५० ग्रेनचा) ‘मॅग्नम’ बार थर्टी-ओ-सिक्सलाही मागे टाकतो. आणि ‘यूथ मॉडेल’ म्हणून विकतात ती साडेसहा पाउंडांची हलकी बंदूक घेतलीत तर हाच बार तीसला जातो. हलकी बंदूक मुलाला उचलायला सोपी आणि झाडायला वाईट. त्यापेक्षा जड बंदूक घ्या आणि नळीखाली टेकायला काठीचा तिपाया द्या.

शेवटचे तीन पर्याय मी इथेच बाजूला काढतो. उरतात चिंधीतला गोळा आणि दारू कमी केलेला सॅबो.

गोळ्याच्या बाजूने बोलायचं तर तो स्वस्त आहे, शुद्ध शिशाचा मऊ असतो आणि धक्का अगदी सौम्य. दिवसभर सरावाला याच्यासारखं काही नाही. पण हवेत तो फार लवकर थकतो. ७० ग्रेनवर नळीतून साधारण १,५५० फूट प्रति सेकंदाने निघतो आणि पन्नास यार्डांवर १,२०० च्या आसपास येतो, म्हणजे चाळीस टक्के ताकद तिथेच गेली. शंभर यार्डांवर तो हरणाला जखमी करील आणि जंगलात हरवील. गोळ्याची हद्द पन्नास यार्ड, आणि ती मुलाला आधीच बजावून ठेवायची. दुसरं म्हणजे नळीतले पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा. जुन्या धाटणीच्या बंदुकीत ४८ ते ६६ इंचांत एक फेरा असतो, त्यात गोळा छान बसतो. आजच्या इनलाइन बंदुकीत (जिच्यात दारू नळीच्या सरळ मागून पेटते) २८ इंचांत एक फेरा असतो. त्यात ७० ग्रेन दारू घातली की गोळा पीळ न धरता घसरत जाण्याची शक्यता असते आणि नेम विखुरतो. इनलाइनमधून गोळा झाडायचाच असेल तर चाळीस-पन्नास ग्रेनवर, फक्त कागदावर.

सॅबो म्हणजे गोळीभोवतीची प्लास्टिकची वाटी. तिच्यामुळे ४४ किंवा ४५ कॅलिबरची पिस्तुलाची गोळी ५० च्या नळीत बसते. पिस्तुलाचीच गोळी मुद्दाम म्हणतोय. खोक्यावर चकचकीत प्लास्टिकचं टोक असलेल्या बऱ्याच गोळ्या मोठ्या वेगासाठी बनवलेल्या असतात. दारू कमी केली की त्या हरणात उमलत नाहीत, बारीक भोक पाडून आरपार जातात. हॉर्नाडीची एक्सटीपी मुळात पिस्तुलाच्या वेगाला उमलायला बनवलेली आहे. २४० ग्रेनची एक्सटीपी ७० ग्रेन दारूवर साधारण १,४०० फुटांनी निघते आणि शंभर यार्डांवरही अकराशेच्या आसपास राहते. धक्का ९. मुलासाठी इनलाइन बंदूक असेल तर माझं मत याच बाराला. तरीही हद्द ७५ यार्डच ठेवा, कारण प्रश्न गोळीचा नाही, मुलाच्या नेमाचा आहे.

अडचण ठासण्यात आहे. सॅबो घट्ट बसतो, आणि पहिला बार काढल्यानंतर नळीत जळकं किटण धरलं की दुसरा उतरवताना मुलाचे हात थरथरतात. ट्रिपल सेव्हन या काळ्या दारूच्या पर्यायाचं तर खाली एक कडक कडंच जमतं. प्रत्येक बारानंतर ओली चिंधी एकदा, कोरडी एकदा, असं नळीतून फिरवलं की काम होतं. पॉवरबेल्टसारख्या किंचित बारीक गोळ्या सहज उतरतात म्हणून मुलांना आवडतात, पण सहज उतरते ती सहज पुढेही सरकू शकते. गोळी आणि दारूत फट राहिली तर नळी फुटू शकते. यावर जुना उपाय आहे: पहिल्यांदा बार नीट ठासला की ठासायचा गज नळीत तसाच ठेवून तोंडाशी त्यावर पक्की रेघ ओढायची. रेघ वर दिसली तर गोळी तळाला गेलेली नाही, किंवा आत आधीचा बार तसाच आहे. रिकाम्या नळीची दुसरी रेघही ओढा.

दारू सुटीच घ्या. पेलेटमध्ये पन्नास किंवा तीस ग्रेनसारखे मोठे टप्पेच मिळतात, सुट्या दारूत पाच-पाच ग्रेनने वरखाली करता येतं. ही दारू तोलून नाही, ग्रेनच्या खुणा असलेल्या पितळी मापाने मोजायची, आणि डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. ट्रिपल सेव्हन तेवढ्याच मापात काळ्या दारूपेक्षा जोरकस असते, तेव्हा १५ टक्के कमी घ्या: ७० च्या जागी साठ. ब्लॅकहॉर्न २०९ ही दुसरी पर्यायी दारू नळी स्वच्छ ठेवते, पण महाग आहे आणि हलक्या बाराखाली हवा तेवढा दाब न मिळाल्याने नीट जळत नाही, म्हणून इथे नको. आणि साध्या रायफलची बिनधुराची दारू या बंदुकांत चिमूटभरही नाही.

राज्याचा नियम कधी कधी निवडच संपवतो. कोलोराडोत ठासणीच्या सीझनला सॅबोही चालत नाही आणि पेलेटही, मग गोळा किंवा हलकी कॉनिकल एवढंच उरतं. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरच्या सीझनला ठासणीच्यांपैकी फक्त चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक चालते. तिच्यात पायरोडेक्स वगैरे पर्यायी दारू भरवशाने पेटत नाही, खरी काळी दारूच लागते. चाप ओढल्यावर बार होईपर्यंत क्षणभर जातो आणि गालाजवळ भडका उडतो. धक्क्याला बिचकणारं मूल त्या क्षणात हमखास हलतं. पहिलं वर्ष चकमकीचं नसावं, आणि असलंच तर ६० ग्रेन व गोळा, डोळ्यांना चष्मा.

एच-फोरवरच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांच्या पालकांनी एक गोष्ट तपासावी. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. काळ्या दारूची ठासणीची बंदूक सहसा त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर पडते खरी, पण राज्यांचे कायदे वेगळे असतात. वकिलाला विचारून मगच पैसे मोजा.

सराव पन्नास ग्रेनवर सुरू करा, कानांना मफ लावून. मूल डोळे न मिटता चाप ओढू लागलं की सत्तरवर या आणि नेम त्याच बारावर पुन्हा बसवा, कारण वीस ग्रेनच्या फरकाने गोळी वेगळ्या उंचीवर लागते.