विशेष शिक्षिकेच्या कोर्सला पैसे भरण्याआधी

बेळगाव-खानापूर भागात सध्या पीयूसी म्हणजे बारावी झालेल्या मुलींना विशेष शिक्षिकेच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याच्या डिप्लोमासाठी फोन येताहेत. मला आला होता. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून. कन्नडमुळे इथे सरकारी नोकरी अवघड, पण या डिप्लोमावर चंदगड-कोल्हापूरकडेही काम मिळेल, असं संस्थेनं सांगितलं. एक वर्ष, 40 हजार फी, नोकरीची हमी. मान्यतेचं विचारलं तर सरांनी भिंतीवरची फ्रेमच काढून हातात दिली. "हे बघ, नीती आयोगाचा नंबर. याच्यावर आणखी काय पाहिजे तुला?"

मी पैसे भरले. तो नंबर खरा होता. पण नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी केली की कुठल्याही स्वयंसेवी संस्थेला तो मिळतो. कोर्सच्या मान्यतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ही मान्यता देते भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय. तिचा बारावीनंतरचा विशेष डी.एड. दोन वर्षांचा असतो आणि श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा एकेका विषयातला. माझ्या सर्टिफिकेटवर सोनेरी अक्षरांत 'सर्व प्रकारचे दिव्यांगत्व' छापलंय.

नोकरी दिली, त्यांच्याच ओळखीच्या शाळेत. सही 15 हजारांवर, हातात 6 हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्र सरकारनं प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितलाय. माझ्या खोलीत बावीस होती. एका पोराला फिट आली. त्याला कुशीवर वळवायचं असतं, हेसुद्धा त्या वर्षभरात कुणी शिकवलं नव्हतं. आयाबाईंनी धावत येऊन वळवलं. पैसे माझे गेले, पण त्या लेकरांचं अख्खं वर्ष गेलं, याचा संताप जास्त आहे.

दुसऱ्या शाळेत अर्ज केला तर पहिलाच प्रश्न सीआरआर नंबरचा. आरसीआयच्या नोंदवहीतला हा नंबर नसताना हे काम करणं 1992 च्या कायद्यानं गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत नव्हतंच, मग नंबर कुठला?

म्हणून आधी आरसीआयच्या वेबसाइटवर संस्था, कोर्स आणि तुमच्या प्रवेशाचं वर्ष, तिन्ही बघा. मान्यता ठरावीक मुदतीचीच असते. आणि मूळ मार्क्स कार्ड कुणाकडे ठेवू नका. माझं परत मिळवायला पोलिसांत तक्रार द्यावी लागली. फी अजून मिळालेली नाही. त्याच लोकांनी आता बोर्ड बदलून ऑटिझमचा सहा महिन्यांचा कोर्स काढलाय.