रोजच्या कॅलरीचा आकडा कुठून घ्यायचा: ठोक, सूत्राचा, वहीचा की ताटाचा?

वजन कमी करायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: दिवसाला किती कॅलरी? नाशिकमध्ये हा प्रश्न चार जणांना विचारला तर चार उत्तरं मिळतात. जिममधला ट्रेनर फारसं न विचारता सांगून टाकतो, बायकांना १२००, पुरुषांना १५००. मोबाइलमधलं अ‍ॅप आणि बरेच आहारतज्ज्ञ वय, उंची, वजन विचारून सूत्राने आकडा काढतात. कुणी म्हणतं, आधी पंधरा दिवस खाता ते सगळं लिहा, मग बोलू. आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, आकडे कसले घेऊन बसलास, ताटात भाजी जास्त घे आणि रात्री लवकर जेव.

चौघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण निवड करायची असेल तर माझा कौल वहीला आहे, आणि सूत्र पडताळणीपुरतं. तो का, ते सांगताना दोन माणसं डोळ्यासमोर ठेवू. एक, इंदिरानगरला राहणारी, बँकेत बसून काम करणारी बाई: वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. दुसरा, सातपूरच्या कारखान्यात मशीनवर पाळी करणारा ऑपरेटर: वय ३४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २९ च्या आसपास येतो. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलपणा धरतात, त्यामुळे दोघांनीही वजन उतरवणं योग्यच. (कंबरेची पट्टीही घ्यावी. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर गेली की जपायला हवं.)

ठोक आकडा

१२०० हा आकडा जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी सामान्य घरांत कॅलरी मोजायची सवय लावली, तेव्हाही तो होता. त्याची मोठी सोय म्हणजे डोकं चालवावं लागत नाही. आपल्या बँकेतल्या बाईंना तो फार चुकीचाही पडत नाही, थोडा कडक पडतो इतकंच.

ऑपरेटरचं मात्र अवघड आहे. उभ्याने आठ तास काम करणाऱ्या या माणसाला दिवसाला २४०० ते २७०० कॅलरी लागतात. त्याला १५०० वर बसवलं तर रोज ९०० ते १२०० ची तूट पडते. पहिले दहा दिवस वजन झरझर उतरतं. त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो, कारण शरीरातला साखरेचा साठा संपताना त्याने धरलेलं पाणीही जातं. पुढे दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला सुटल्यावर गाडीवरचा वडापाव दिसतो, आणि मग एकावर थांबणं होत नाही. यात जिद्द कमी पडली असं म्हणण्यात अर्थ नाही, आकडाच त्याचा नव्हता. शिवाय इतक्या वेगाने उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

१२०० आणि १५०० हे तळाचे आकडे समजावेत. त्यांच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये, एवढाच त्यांचा उपयोग. ८०० च्या खालचे आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचेच नसतात.

सूत्र

सध्या सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र १९९० चं, मिफ्लिन-सेंट जिऑर यांचं. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असाल तर त्यात ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा. नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसभरात जेवढं जाळतं, तो हा आकडा. आपल्या बाईंचा साधारण १३३६ येतो, ऑपरेटरचा १७३७.

इथवर ठीक. खरी गोम पुढे आहे. या आकड्याला हालचालीच्या गुणकाने गुणायचं असतं: बैठं काम १.२, थोडीफार हालचाल १.३७५, मध्यम १.५५. बाई रोज सकाळी अर्धा तास गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर चालतात, मग त्या बैठ्या की थोडीफार हालचाल असलेल्या? बैठ्या धरल्या तर १६०४, नाही तर १८३८. एका पर्यायावर बोट ठेवण्याने २३४ कॅलरींचा फरक पडला, म्हणजे एक मोठी भाकरी. आणि आपण हलतो किती हे ठरवताना माणूस स्वतःला झुकतं मापच देतो. त्यातच भारतीयांची शरीरं या पाश्चात्त्य सूत्रांच्या अंदाजापेक्षा थोडं कमी जाळतात, असं आपल्याकडच्या मोजमापांत दिसलं आहे. म्हणून शंका असेल तिथे खालचाच गुणक धरावा.

मनगटावरच्या घड्याळाने हा प्रश्न सुटत नाही. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण जळालेल्या कॅलरींत सगळ्यांत बरं निघालेलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होतं. घड्याळ ‘४०० जळाल्या’ म्हणालं म्हणून ४०० जास्त खाणं, हा वजन न उतरण्याचा खात्रीचा मार्ग.

तरीही सूत्र फेकून देण्यासारखं नाही. दोन मिनिटांत अंदाज मिळतो आणि ठोक आकड्याइतका तो आंधळा नसतो. पडताळायला आणखी एक आधार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११० आणि ५५ किलोच्या बाईला १६६० कॅलरी सांगितल्या आहेत. हे आकडे आहे ते वजन टिकवण्यासाठीचे आहेत, उतरवण्याचे नव्हेत. सूत्राचं उत्तर त्यांच्यापासून फारच लांब गेलं, तर गुणक पुन्हा बघावा.

वही

पद्धत अशी. दोन आठवडे खाण्यात काहीही बदल करायचा नाही. फक्त लिहायचं, आणि रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं. वजन जागेवर राहिलं, तर लिहिलेल्याची रोजची सरासरी म्हणजे वजन टिकवणारा तुमचा आकडा. त्यातून ३०० ते ५०० वजा केले की झालं लक्ष्य.

यावर आक्षेप ठरलेला असतो: माणूस लिहिताना चोरतो, विसरतो. खरं आहे, जवळपास सगळेच कमी लिहितात. पण इथेच वही सूत्रावर मात करते. समजा तुम्ही रोज २५० कमी लिहिता. मग टिकवणारा आकडा २५० ने कमी दिसेल, त्यातून काढलेलं लक्ष्यही तेवढंच कमी दिसेल, आणि पुढेही तुम्ही त्याच सवयीने २५० कमीच लिहाल. तूट आहे तेवढीच पडते. सूत्रातली चूक मात्र अशी फिटत नाही, ती सरळ ताटात उतरते. वहीची अट एकच: मोजायची रीत मध्येच बदलायची नाही.

मराठी स्वयंपाकघरात मोजायचं कसं, हा प्रश्न अ‍ॅप बनवणाऱ्यांना बहुधा पडत नाही. एका कढईतली भाजी पाच जण खातात, आणि फोडणीचं तेल आईच्या हाताला ठाऊक. म्हणून पोळी-भाकरी कच्च्या पिठावर मोजावी. तीस ग्रॅम कणकेच्या साधारण १००, वर चमचाभर तेल लावलं तर १४०. ज्वारीच्या भाकरीला तेल लागत नाही, पण ती साठ ग्रॅमची आहे की नव्वदची यावर २०० की ३०० ते ठरतं. आठवडाभर स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर पीठ मोजलं की नजर बसते, मग काटा कपाटात गेला तरी चालतो.

तेलासाठी माझी आवडती युक्ती म्हणजे डबा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर ते साडेचार किलोच्या वर भरतं. माणशी दिवसाला ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी, नुसत्या तेलाच्या. फोडणी मोजत बसायला नको, डबा उघडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली की पुरे. हाच डबा चाळीस दिवस पुरवला तर माणशी ८५ कॅलरी वाचतात आणि जेवणात कुणाला फरक कळतही नाही. नवीन आहाराचा खर्च म्हणून ऑलिव्ह तेल आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ग्रॅममागे नऊ कॅलरी त्यालाही चुकत नाहीत.

मग मिसळ. नाशिकमध्ये राहून रविवारची मिसळ सोडायला सांगणारा आहार टिकणार नाही, म्हणून तिचा हिशेब करून मोकळं व्हावं. मूठभर फरसाणाच्या अडीचशे, मटकीच्या सव्वाशे, दोन पावांच्या दोनशेहून थोड्या जास्त, आणि तर्रीवर दोन मोठे चमचे तेल तरंगत असेल तर त्याच्या २४०. पापड-दही धरून प्लेट ८०० ते ९०० च्या घरात जाते. रस्सा मागाल तितका मिळतो, तिथे वाढेल ते वेगळं. मटकीचा यात दोष नाही, तर्री आणि फरसाण हेच सावकार. तर्री वेगळ्या वाटीत मागितली आणि फरसाण निम्मं केलं, तर अडीचशे सहज वाचतात.

म्हणूनच रोजचं लक्ष्य आठवड्याचं करून बघावं. दिवसाला १५०० म्हणजे आठवड्याला १०,५००. सहा दिवस १४३० आणि रविवारी १९२० घेतले तरी बेरीज तीच येते. शरीर रात्री बारा वाजता हिशेब बंद करत नाही.

उपवासाचं उलटं होतं. श्रावणी सोमवारी ‘आज काही खाल्लंच नाही’ म्हणणाऱ्याच्या ताटात पन्नास ग्रॅम साबुदाणा, पाव वाटी दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप असतं: चारशेच्या वर कॅलरी, आणि प्रथिनं त्या दाण्यांतली तेवढीच. दोन पोळ्या, उसळ आणि कोशिंबीर साधारण इतक्यातच बसते आणि पोट पाचपट वेळ भरलेलं राहतं (पाचपट हे माझं, पण तुम्हीही करून बघा). भगर, ताक आणि काकडी घेतली तर उपवासही सुटत नाही.

ताट

आकडा न ठेवण्याची वाट काहींसाठी खरोखर बरी आहे. निम्मं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव भाग भाकरी किंवा भात, पाव भाग डाळ, उसळ, अंडी किंवा मासे. वजन हळू उतरतं, कधी महिन्याला किलोभरही नाही. पण आकडा दिसला की ज्यांना झोप लागत नाही, दोन घास जास्त झाले की दुसऱ्या दिवशी जे उपाशी राहतात, ज्यांना पूर्वी खाण्याचा विकार झाला आहे, त्यांनी वही आणि अ‍ॅप दोन्ही लांब ठेवावीत. साठीपुढच्या माणसांनाही मी हीच वाट सुचवेन, सोबत प्रथिनांकडे लक्ष, कारण त्या वयात गेलेला स्नायू लवकर परत येत नाही.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि अठराच्या आतल्यांनी यातलं काहीच स्वतःच्या मनाने करू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येऊ शकते.

किती वजा करायचे

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ५०० ची तूट म्हणजे कागदावर आठवड्याला साडेचारशे ग्रॅम. प्रत्यक्षात वजन उतरतं तसा खर्चही उतरतो, म्हणून वेग पुढे मंदावतो.

बँकेतल्या बाईंच्या वहीत १६०० आले, तर ५०० वजा करून ११०० होतात, तळाच्याही खाली. त्यांनी ३०० वजा करून १३०० वर राहावं आणि उरलेले २०० पायांनी मिळवावेत. ७२ किलोच्या माणसाला सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर चालल्याने साधारण तेवढेच जास्तीचे जळतात. ऑपरेटरकडे जागा आहे. वहीत २५०० आले तर तो ५०० वजा करून २००० वर आरामात राहील आणि दोन्ही वेळचा डबा नीट भरून नेईल. दोघांनीही प्रथिनं किलोमागे किमान एक ग्रॅम धरावीत. रोजच्या गरजेची शिफारस ०.८३ ग्रॅमची आहे, पण तूट चालू असताना थोडं वर राहिलेलं बरं.

आकडा कधी बदलायचा? रोजच्या काट्याकडे बघून नाही. लोणचं-पापड जास्त झाला किंवा पाळी जवळ आली तरी एक-दोन किलो पाणी साचतं. सात दिवसांची सरासरी काढावी आणि ती सलग तीन आठवडे हलली नाही तरच हात लावावा. त्याआधी वही चाळावी, कारण तिसऱ्या महिन्यापर्यंत चहाची साखर आणि जाता-येता तोंडात टाकलेला चिवडा लिहायचा राहू लागतो. बाई ७२ वरून ६६ वर आल्या, तर बैठ्या गुणकाने त्यांचा खर्च ७२ कॅलरींनी कमी होतो, म्हणजे अर्ध्या पोळीने. १३०० चे १२३० करायचे की तेवढंच किलोमीटर-दोन किलोमीटर जास्त चालायचं, एवढाच निर्णय उरतो. त्याखाली जावंसं वाटलं तर वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे जावं. महिनाभराची नोंद समोर असली की त्यांचंही काम निम्मं होतं.