हॉर्नेटवर स्पॅरो लावावं की ॲमराम?

डीसीएस या विमान उडवण्याच्या संगणकीय खेळातलं एफ/ए-१८सी हॉर्नेट हे लढाऊ विमान घेतलं, लँडिंग जमलं, आता नजरेपलीकडची लढाई शिकायची. पहिलाच प्रश्न पडतो की पायलनवर, म्हणजे शस्त्रं टांगायच्या जागी, एआयएम-७ स्पॅरो क्षेपणास्त्र लावायचं की एआयएम-१२० ॲमराम. दोन्ही रडारवर चालतात, लांबीही सारखीच, साधारण ३.६६ मीटर. पण डागल्यानंतरचं अर्धं मिनिट दोघांत अगदी वेगळं जातं, आणि माझ्या मते निवड त्या अर्ध्या मिनिटावरूनच करावी.

स्पॅरोकडे लक्ष्य उजळवणारं स्वतःचं रडार नसतं. तुमच्या रडारच्या लहरी शत्रूवर आपटून परततात, त्यांच्या मागावर ते जातं. म्हणून लक्ष्य एकच, आणि त्यावरचं लॉक, म्हणजे रडारची सलग पकड, क्षेपणास्त्र पोहोचेपर्यंत टिकवायचं. मधेच सुटलं तर ते बहुतेक वेळा वाया जातं. शिवाय तुम्ही डागल्याचा इशारा समोरच्याच्या कॉकपिटमध्ये लगेच वाजतो. तो तुमच्याशी काटकोन करून आडवा पळतो, खाली उतरतो, चॅफ (रडारला फसवणारे धातूचा मुलामा दिलेले बारीक धागे) सोडतो. अशा आडव्या विमानाला जमिनीच्या प्रतिध्वनीतून वेगळं काढणं डॉप्लर रडारला अवघड जातं. तुम्हाला मात्र पाठ फिरवता येत नाही. हातात एकच सूट असते: हॉर्नेटचं रडार दोन्ही बाजूंना ७० अंशांपर्यंत पाहतं, त्यामुळे ५०-६० अंश तिरकं वळून अंतर हळू कमी होऊ द्यायचं. यालाच क्रँक म्हणतात, आणि तो स्पॅरोइतका नीट दुसरं कुणी शिकवत नाही.

ॲमरामच्या नाकात स्वतःचं रडार आहे. सुरुवातीला तुमचं विमान त्याला लक्ष्याची खबर देत राहतं, शेवटच्या टप्प्यात ते स्वतः शोध घेतं. ते रडार कधी सुरू होणार याची उलटी मोजणी समोर दिसते, आणि ती संपली की तुम्ही वळून निघू शकता. टीडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे रडार एकावर न खिळता शोध घेत घेत लक्ष्यांचा माग ठेवतं त्या पद्धतीत, डागलं तर ते रडार सुरू होईपर्यंत समोरच्याला इशारा मिळत नाही. एका फेरीत दोन लक्ष्यांवर दोन सोडता येतात. वजनही कमी: स्पॅरो सुमारे २३० किलो, ॲमराम १६० च्या आसपास. दुहेरी रॅक लावून हॉर्नेटवर १० ॲमराम बसतात, स्पॅरो मात्र एका जागी एकच.

एवढं वाचून ॲमरामच घ्यावंसं वाटेल. पण नवा खेळाडू ते ४० मैलांवरून सोडतो आणि लगेच पाठ फिरवतो. खबर थांबते, शत्रू दिशा बदलतो, क्षेपणास्त्र जुन्या अंदाजाच्या जागी पोहोचतं आणि तिथे कुणीच नसतं. माझी पहिली कितीतरी ॲमराम अशीच गेली. आडवं पळणं आणि चॅफ त्यालाही चकवतात. खालच्या दाट हवेत दोघांचाही पल्ला झपाट्याने आटतो. ३०,००० फुटांवरून वेगात सोडलेलं आणि ५,००० फुटांवरून सोडलेलं क्षेपणास्त्र जणू दोन वेगळी शस्त्रं असतात.

समोर कोण आहे हेही पाहा. सुखोई-२७ च्या आर-२७ईआरलाही शेवटपर्यंत लॉक लागतं, पण त्याचा पल्ला स्पॅरोपेक्षा मोठा. त्याच्याशी समोरासमोर स्पॅरोने भिडलात तर आधी तुम्हालाच वळावं लागेल. तिथे ॲमराम हवंच. आर-७७ किंवा एसडी-१० या ॲमरामसारख्याच स्वतःचं रडार असलेल्या क्षेपणास्त्रवाल्यांसमोर तर प्रश्नच नाही. शीतयुद्धाच्या काळातल्या मिशनमध्ये मात्र स्पॅरोच शोभतं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक हवाई विजयांमागे तेच होतं, आणि ॲमरामने पहिलं विमान पाडलं ते २७ डिसेंबर १९९२ रोजी, इराकवर.

तुम्ही अगदी नवे असाल तर मी आधी स्पॅरोच लावायला सांगेन. मिशन एडिटरमध्ये एक मिग-२९ समोरून येताना ठेवा, तुमच्याकडे फक्त २ स्पॅरो. लॉक न सोडता, क्रँक करत ते पाडणं जमेपर्यंत दुसरं काही लावू नका. मग तीच मिशन, तोच मिग, फक्त पायलनवर ॲमराम, आणि मोजणी संपेपर्यंत वळायचं नाही.