ब्रेक ऑइलची बाटली समोर उघडणारं गॅरेज

दिवाळीच्या आधी कराडहून घरी येत होतो. गाडीत सासूबाई, दोन्ही मुलं, यजमान आणि मागे ठासून भरलेलं सामान. गाडी मी चालवत होते. हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाट उतरायला सुरुवात केली आणि बरीच वळणं झाल्यावर एका वळणाला ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा चांगला दोन बोटं खाली गेला. गाडी थांबली, पण पॅडलखाली ओला स्पंज ठेवल्यासारखं मऊ लागत होतं. सेकंड गिअर टाकला, रुंद जागा बघून बाजूला घेतली आणि वीसेक मिनिटं तशीच उभी केली. पॅडल परत जरा कडक झालं. उरलेला घाट सेकंडमध्येच उतरले. सासूबाई घाटाखालचं पोफळी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

आमची स्कॉर्पिओ २०१९ची, ६८ हजार किलोमीटर झालेली. दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या ठिकाणी सर्व्हिसिंग केलं होतं आणि बिलावर ‘ब्रेक ऑइल तपासले’ असं लिहिलेलंही होतं. म्हणजे काय केलं असेल, तर बॉनेट उघडून डबीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे एवढं बघितलं. ऑइल किती वर्षांचं आहे हे कोणी विचारलंच नाही. याचा मला अजून राग आहे.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी चिपळुणातल्या या छोट्या गॅरेजला पाठवलं. मेस्त्रींनी आधी सगळी हकीकत ऐकून घेतली, मग डबीचं झाकण पुसून उघडलं. पेनासारखं टेस्टर आत बुडवलं तर लाल दिवा लागला. पण ते म्हणाले, “ताई, हे पेन अंदाजापुरतं. रंग बघा.” नवं ऑइल फिकट पिवळं असतं. आमचं काढ्यासारखं काळपट झालं होतं. गाडी घेतल्यापासून ते एकदाही बदललेलं नव्हतं, आणि साधारण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं.

घाटात काय झालं तेही त्यांनी नीट समजावलं. आपण म्हणतो ब्रेक ऑइल, पण ते तेल नव्हेच, आणि चुकून तिथे साधं तेल ओतलं तर आतले रबरी सील फुगून खराब होतात. हे द्रव हवेतली ओल शोषतं. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा प्रकार नवा असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. आपला कोकणातला पावसाळा सगळ्यांना ठाऊक आहे. उतारावर सतत ब्रेक दाबून डिस्क तापल्या, आतल्या पाण्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय खाली गेला. गाडी थांबल्यावर ती निवली, म्हणून पॅडल परत आलं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या दिवशी घाट अजून बराच उरला होता.

बाटली सीलबंद होती, डॉट ४ची, आणि ती माझ्यासमोर उघडली. उघडी बाटली कपाटात पडून राहिली तरी ओल धरते, म्हणून हे महत्त्वाचं. डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढलं, नवं भरलं आणि सगळ्यात लांबचं चाक, म्हणजे मागचं डावं, आधी घेतलं. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. मला सीटवर बसवलं. “दाबा. धरून ठेवा. आता सोडा.” निपल बंद व्हायच्या आधी पाय सोडला तर हवा आत ओढली जाते, म्हणून ते ओरडल्याशिवाय सोडायचा नाही. मध्ये एकदा उतरून बघितलं तर नळीतून आधी काळपट धार, मग चहासारखी, मग एकदम स्वच्छ पिवळी. दर सात-आठ वेळा दाबून झालं की ते उठून डबी भरत होते. डबी रिकामी झाली तर एबीएसमध्ये, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेत, हवा शिरते आणि मग स्कॅनर लावल्याशिवाय निघेलच असं नाही, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या उजव्या चाकाचं निपल गंजलं होतं. पाना लावून जोर केला असता तर ते तुटून कॅलिपरचाच, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, खर्च आला असता. त्यांनी स्प्रे मारला, अर्धा तास थांबले, मग अलगद फिरवलं. बॉनेटच्या कडेला दोन थेंब सांडले तर लगेच पाणी ओतलं, कारण हे ऑइल रंग खातं. पुढचे पॅड झिजल्यामुळे डबीतली पातळी खाली जाते, हेही दाखवलं. माझे पॅड अजून चालतील, उगीच बदलायला लावले नाहीत.

ऑइल ४२० आणि मजुरी ६०० रुपये, वेळ अडीच तास. तक्रार म्हणाल तर दोन निपलांच्या रबरी टोप्या गायब होत्या आणि त्यांच्याकडे नव्हत्या, त्या मला बाजारातून आणाव्या लागल्या. बिलही साध्या कागदावर मिळालं, त्यावर किलोमीटरचा आकडा नव्हता. तो मीच चिकटपट्टीवर तारखेसकट लिहून डबीजवळ चिकटवला.

नंतर दोनदा कुंभार्ली उतरले, एकदा भर दुपारी, पाच माणसं घेऊन. पॅडल पहिल्या वळणापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर कडक राहिलं. गॅरेजला जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, दुपारनंतर ट्रकवाल्यांची गर्दी असते. आणि सोमवारी बंद असतं.