इंटिरियर ग्रीनची बाटली: आठ महिन्यांनंतर

विमानांची मॉडेलं रंगवायची ही बाटली घेतली तेव्हा चार स्टार देऊन मोकळा झालो होतो, आता दोनवर आणतोय. परवा १/७२ मस्टँगच्या (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान, मूळच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल) व्हील वेलवरची, म्हणजे चाकं आत घ्यायच्या खाचेवरची, मास्किंग टेप काढली तर टेपबरोबर रंगही आला, दुधावरची साय निघावी तसा अख्खा. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर आलं, "प्रायमर मारला होता का?" अरे बाबा, ही प्रायमरचीच बाटली म्हणून विकलीस ना मला!

पण माझं खरं भांडण लेबलशी आहे. त्यावर लिहिलंय 'झिंक क्रोमेट / इंटिरियर ग्रीन'. दोन्ही एक कसे? झिंक क्रोमेट म्हणजे अॅल्युमिनियम खराब होऊ नये म्हणून मारायचा प्रायमर, हिरवट पिवळा, पाडाला आलेल्या कैरीच्या सालीसारखा. त्यात काळा मिसळला की हिरव्याकडे जातो. इंटिरियर ग्रीन म्हणजे विमानाच्या आतल्या भागाचा रंग, तो वेगळा, अमेरिकन लष्करी रंगयादीत एएनए ६११, वाळलेल्या मेंदीच्या पुडीसारखा मळकट, नंतरच्या सरकारी रंगयादीतल्या एफएस ३४१५१ च्या जवळचा. आणि पी-५१डी ला, म्हणजे माझ्या मस्टँगला, दोन्ही लागतात. कॉकपिट हिरवं (तळ प्लायवुडचा, तो काळा), पण व्हील वेलमध्ये मागचा स्पार (पंखातली आडवी तुळई) तेवढा झिंक क्रोमेटचा पिवळा आणि वरची स्किन, म्हणजे पंखाचा पत्रा, उघडं अॅल्युमिनियम. किटचा कागद सगळं हिरवं सांगतो, मीही डोळे झाकून सगळं हिरवंच मारलं होतं. म्हणजे टेपने जो रंग उचलला तो तिथे नकोच होता, त्यामुळे आता शिव्या तरी कुणाला घालणार.

शेड फार पिवळी आहे असं आधी लिहिलं होतं, ते मागे घेतो. ओला असताना फारच पिवळा वाटतो, रात्रभर वाळला की बरोबर बसतो, वर काळपट वॉश (पातळ केलेला रंग) मारला तर उत्तमच. तसंही खऱ्या विमानांसाठी वेगवेगळ्या कारखान्यांत तयार केलेला रंग सगळीकडे तंतोतंत एक नव्हताच, त्यामुळे चिप (रंगाचा नमुना) घेऊन वाद घालणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. फक्त ग्रमन कंपनीच्या वाइल्डकॅट लढाऊ विमानाचं मॉडेल करणाऱ्यांनी ही बाटली घेऊ नये, त्याचं कॉकपिट गडद ब्राँझ ग्रीन असायचं.

स्पारसाठी वेगळी बाटली घेतली नाही, शिपिंगच रंगापेक्षा महाग पडतं. घरात तामिया कंपनीचा एक्सएफ-४ (पिवळट हिरवा मॉडेल रंग) पडून होता, तोच मारला, झकास दिसतोय. त्यातच टूथपिकच्या टोकाने काळा घालत गेलो तर बाटलीतल्या हिरव्याच्या इतका जवळ आला की शेजारी शेजारी ठेवून बायकोला विचारलं, ती म्हणाली दोन्ही शेवाळच दिसतंय.

अर्धी बाटली शिल्लक आहे, झाकण पकडीनेच उघडतं.