कॉलिकच्या बाळाला सिमेथिकोन द्यावं की प्रोबायोटिक?

सहा आठवड्यांचं बाळ संध्याकाळ झाली की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन तास न् तास रडतं, तेव्हा घरात कुणालाच काही सुचत नाही. अशा रडण्यालाच कॉलिक म्हणतात. मग प्रश्न येतो: कोणते थेंब आणावेत?

सिमेथिकोन पोटातले हवेचे बुडबुडे फोडतं. पण चाचण्यांमध्ये कॉलिकवर ते औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलेलं नाही. लॅक्टोबॅसिलस रुटेरी या प्रोबायोटिकने मात्र अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं कमी झालेलं दिसलं आहे. वरच्या दुधावरच्या बाळांसाठी पुरावा कच्चा आहे. शिवाय हे प्रोबायोटिक रोज द्यावं लागतं आणि फरक दिसायला एक ते तीन आठवडे जातात. एवढा धीर धरणं किती कठीण, हे रात्र जागणाऱ्यालाच ठाऊक!

सुरक्षिततेचं म्हणाल, तर सिमेथिकोन रक्तात शोषलं जात नाही. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

बाळ पूर्ण दिवसांचं आणि अंगावर पिणारं असेल, तर डॉक्टरांशी बोलून प्रोबायोटिक. वरच्या दुधावर असेल, तर मी दोन्ही टाळून त्याला छातीशी धरून फेऱ्या मारेन. तीन-चार महिन्यांत कॉलिक बहुधा ओसरतो. ताप, हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर थेंब बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.